बिबट्या-लांडग्याने जनावर मारलं तर सरकारी पैसे कसे मिळवायचे: नवीन पशुपालकांसाठी

शेळीपालन किंवा दोन-चार गायींचा गोठा नव्याने सुरू केलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात, की बिबट्या किंवा लांडगा मारला तर सरकार काही बक्षीस देतं का, कारण परदेशात कोल्ह्याचं शेपूट नाहीतर कातडी जमा केली की पैसे मिळतात असे व्हिडिओ बघितलेले असतात. सरळ उत्तर सांगतो, आपल्याकडे असलं काही नाही. इंग्रजांच्या काळात होतं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत बक्षिसासाठी ८० हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले असा हिशोब इतिहासाच्या पुस्तकात आहे. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि तो विषय संपला. आज वाघ, बिबट्या, लांडगा हे तिन्ही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, मारला तर ३ ते ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड, आणि कायद्याच्या नजरेत विष घालणं, फासा लावणं, नुसता मारायचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच.

काहीजण म्हणतात पण माझ्या जनावरावर आला तर? तर तरीही नाही. माणसाच्या जिवावर बेतलं आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा धरत नाहीत, पण शेळी वाचवण्यासाठी बिबट्या मारला ही सबब चालत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारायची लेखी परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात आणि तीही तो माणसाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असेल तेव्हाच. रानडुक्कर आणि रोहीचं (नीलगायीचं) पिकाच्या नुकसानीसाठी वेगळं प्रकरण आहे, ते इथे घेत नाही.

म्हणजे सरकार पैसे देतं ते तुमच्या मेलेल्या जनावराचे. आणि हे पैसे खरंच मिळतात बरं का, पण नव्या माणसाचा दावा बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच तासांतच बिघडतो, ऑफिसात नाही. म्हणून खाली त्या पहिल्या सकाळवर जास्त लिहिलंय, फॉर्मवर कमी.

किती मिळतात ते आधी

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ च्या शासन निर्णयाने दर वाढले. गाय, बैल, म्हैस मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार, यातली जी रक्कम कमी ती. शेळी, मेंढी आणि इतर पशुधन असेल तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यातली कमी. जनावर कायमचं अपंग झालं तर बाजारभावाच्या ५० टक्के किंवा १५ हजार, यातली कमी. जखमी असेल तर औषधोपचाराला ५ हजारांपर्यंत.

म्हणजे गाय ६० हजारांची ठरली तर ४५ हजार मिळतील. म्हैस सव्वा लाखाची असेल तर ७५ टक्क्यांनी ९३ हजारांच्या वर जातंय पण हातात ७० च येणार. शेळी १२ हजारांची धरली तर ९ हजार. थोडक्यात भारी जातिवंत जनावर ठेवणाऱ्याला हे पैसे कमीच पडतात, त्याने विमा वेगळा काढावा हे माझं स्पष्ट मत आहे. दर मधेमधे बदलतात, तेव्हा दाव्याच्या वेळी चालू दर काय ते वनविभागाच्या ऑफिसात विचारून घ्या.

कुठल्या प्राण्याने मारलं तर मिळतात? वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा, अस्वल, रानकुत्रे, रानडुक्कर, गवा, मगर, हत्ती अशी ठरलेली यादी आहे. गावातली मोकाट कुत्री त्यात नाहीत, आणि निम्मी भांडणं याच मुद्द्यावर होतात, त्याकडे येतोच.

हल्ला व्हायच्या आधीच करून ठेवायची कामं

पहिलं म्हणजे कानातला बिल्ला. तो पिवळा टॅग, त्यावर १२ अंकी नंबर असतो. १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावराला वन्यप्राण्याच्या हल्ल्याची, विजेचा धक्का बसल्याची, नैसर्गिक आपत्तीची भरपाई देय नाही असं राज्याने ठरवलंय. शेळ्या-मेंढ्यांनाही टॅग लागतो. लोक गायीला मारून घेतात आणि शेळ्यांचं राहून जातं आणि बिबट्या नेतो शेळीच. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं की ते येऊन मारून देतात आणि भारत पशुधन ॲपवर तुमच्या नावाने नोंद करतात. जनावर बाजारातून विकत आणलं असेल तर टॅग कानात असतो पण नोंद जुन्या मालकाच्या नावावर, ती बदलून घ्या, नाहीतर मेलेलं जनावर कागदावर दुसऱ्याचंच निघतं.

दुसरं, प्रत्येक जनावराचा एक फोटो ज्यात टॅग वाचता येतो, आणि खरेदीची पावती. दूध डेअरीला घालत असाल तर डेअरीच्या पावत्या ठेवा, गाय रोज किती लिटर देत होती याचा पुरावा तोच आणि जनावराची किंमत ठरताना तो फार कामाला येतो.

तिसरं, आपल्या बीटचा, म्हणजे आपलं गाव वनविभागाच्या ज्या हद्दीत येतं तिथला, वनरक्षक कोण हे माहीत करून घ्या आणि त्याचा नंबर मोबाईलमधे सेव्ह करा. वनरक्षकाच्या वर वनपाल, त्याच्या वर वनक्षेत्रपाल म्हणजे ज्याला सगळे आरएफओ म्हणतात. गावाच्या पोलीस पाटलाचा नंबर तर असतोच.

सकाळी गोठ्यात गेलात आणि जनावर मेलेलं दिसलं

आता इथे नीट वाचा.

काही हलवू नका. हे शंभर जणांना सांगितलं तरी साठ जण ऐकत नाहीत, कारण घरातल्या बायामाणसांना ते बघवत नाही, कुत्री येतात, वास सुटायची भीती असते, मग कोणीतरी म्हणतं उचला आणि टाका ओढ्यात. पंचनामा व्हायच्या आधी मृतदेह जागेवरून हलवायचा नाही ही भरपाईची अटच आहे. फार तर ताडपत्री किंवा काट्याच्या फांद्या टाकून झाका म्हणजे कुत्री-कावळे तोंड लावणार नाहीत, आणि झाकायच्या आधी फोटो काढा.

फोटो कसे काढायचे तर आधी लांबून, म्हणजे गोठा, घर, शेत सगळं एका फोटोत आलं पाहिजे. मग जवळून मान आणि गळा. मग पोट आणि मागचा भाग, जिथून खाल्लंय तो. कानातला टॅग स्पष्ट दिसेल असा एक. आणि जमिनीवरचे ठसे, शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाईलमधे लोकेशन चालू ठेवलं तर फोटोसोबत जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते.

ठशांचं एक सांगतो. बघायला अख्खा गाव लोटतो आणि अर्ध्या तासात ठसे तुडवून जमीनदोस्त. त्यामुळे चांगला उमटलेला एखादा ठसा दिसला की त्यावर घमेलं पालथं घालून ठेवा, वर दगड ठेवा, वनरक्षक आल्यावरच उचला.

आता कोणी मारलं हे कसं ओळखायचं, कारण कागदावर हेच ठरणार आहे. बिबट्या आणि वाघ मांजराच्या कुळातले, नखं आत ओढून चालतात, म्हणून ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या ठशात बोटांच्या पुढे नखांच्या खुणा दिसतात. बिबट्या बहुतेक वेळा गळा धरतो, गळ्यावर सुळ्यांची भोकं असतात, बाहेरून बघितलं तर लहान दिसतात, केसांत लपतातसुद्धा, हाताने केस बाजूला सारून बघावी लागतात. पण तिथली कातडी सोलली की आत काळंनिळं रक्त साकळलेलं असतं. जनावर जिवंत असताना चावा बसला तरच असं रक्त साकळतं. आधीच आजाराने मेलेलं जनावर रात्री तरसाने किंवा कुत्र्यांनी फाडलं असेल तर आत असं काही सापडत नाही, आणि डॉक्टर शवविच्छेदनात नेमकं हेच बघतात. म्हणून साप चावून मेलेली गाय बिबट्याच्या नावावर खपवायच्या भानगडीत पडू नका, उघडं पडतं आणि पुढच्या वेळी खरा दावा असला तरी ऑफिसात तुमच्याकडे संशयाने बघतात.

मोकाट कुत्र्यांचं काम गबाळं असतं. मागचे पाय, कान, शेपूट, जिथे मिळेल तिथे ओरबाडलेलं, कळपातली पाच-सहा जनावरं जखमी, दोन मेलेली आणि खाल्लेलं जवळजवळ काही नाही. बिबट्या साधारण एक मारतो आणि ओढत नेतो, पण बंद गोठ्यात शिरला आणि शेळ्या सैरावैरा पळायला लागल्या तर तोही एका रात्रीत अनेक मारू शकतो, त्यामुळे जास्त मेल्या म्हणजे कुत्रीच असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका, गळे तपासायला लावा. लांडगा आणि कुत्रा यात फरक करणं मात्र जाणकारालाही जड जातं, तिथे ठसे, आजूबाजूची विष्ठा, आणि कोणी डोळ्यांनी बघितलं असेल तर त्याचा जबाब, या सगळ्यावर मिळून ठरतं.

जनावर जागेवर नाही, नुसतं रक्त आणि तुटलेलं दावं असेल तर? फरपटीची खूण बघा, बिबट्या ओढत नेतो तेव्हा गवत एका दिशेने झोपलेलं असतं, केस अडकलेले असतात. पण एकट्याने उसात शिरू नका. जुन्नर, शिरूर, आंबेगाव, संगमनेर या पट्ट्यात बिबटे उसातच राहतात, तिथेच पिल्लं घालतात, आणि शिकारीवर बसलेली किंवा पिल्लं सांभाळणारी मादी अंगावर येते. वनरक्षक येऊ द्या, चार-पाच जण मिळून आवाज करत, दिवसाउजेडी जा. मृतदेह सापडलाच नाही तर भरपाई अवघड होते, तरी रक्त, केस, दावं, ठसे यांचा पंचनामा करून घ्याच.

कळवायचं कोणाला आणि कधी

घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत कळवायचं ही अट, पण ४८ तास आहेत म्हणून थांबायचं नाही, उन्हाळ्यात दुपारपर्यंत मृतदेह फुगतो आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरलाही गळ्यावरच्या खुणा धड दिसत नाहीत. वनरक्षकाला फोन करा. तो उचलत नसेल तर वनविभागाची हेल्पलाईन १९२६, हॅलो फॉरेस्ट म्हणतात तिला, तिथे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. पोलीस पाटलालाही सांगा. फोन झाला तरी त्याच वनरक्षकाला व्हॉट्सॲपवर फोटो आणि दोन ओळी टाका, आज सकाळी अमुक गट नंबरमधे गाय मेलेली आढळली वगैरे, म्हणजे वेळेचा पुरावा तुमच्याकडे राहतो. नंतर कोणी म्हणालं की उशिरा कळवलं, तर मोबाईल पुढे करायचा.

त्याच वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यातही कळवा. शवविच्छेदन दिवसाच्या उजेडात होतं, डॉक्टर दुसऱ्या गावात लसीकरणाला गेलेले असतात, आणि वनविभागच डॉक्टरला कळवेल म्हणून तुम्ही बसून राहिलात तर दिवस जातो. जनावर जिवंत पण जखमी असेल तर १९६२ वर फोन केला की फिरत्या दवाखान्याची गाडी मिळू शकते. आणि जखमी जनावराच्या तोंडाला, जखमेला उघड्या हाताने हात लावू नका, लांडगा-कोल्ह्याचा चावा असेल तर रेबीजचा धोका असतो, जनावराला आणि हाताळणाऱ्या माणसालाही लस लागेल का ते डॉक्टरला लगेच विचारा. बिबट्याच्या नखांच्या जखमा वरून साध्या दिसतात पण आतून पिकतात, तेव्हा हळद लावून सोडून देऊ नका. उपचाराचे पैसे हवे असतील तर सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातलेच कागद घ्या.

पंचनामा

वनरक्षक किंवा वनपाल येतात, पंच म्हणून गावातले दोन जण लागतात, जागेचं वर्णन, मृतदेहाचं वर्णन, ठसे, अंदाजे वेळ हे सगळं लिहिलं जातं. तुमचं काम एकच, सही करण्याआधी वाचायचं. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावायचं. बघायच्या गोष्टी म्हणजे तारीख, गट नंबर, जनावराचा टॅग नंबर जसाच्या तसा, जात, वय, वेत, गाभण होती की दुभती, किती लिटर दूध. नुसतं गाय एक, मृत असं लिहिलेलं असेल तर किंमत ठरवताना जर्सी आणि गावठी गाय एकाच मापात जाते. हे सगळं पंचनाम्यात बसत नसेल तर डॉक्टरांच्या अहवालात तरी आलंच पाहिजे, कारण बाजारभावाचा आकडा त्यांच्या दाखल्यावरच टिकतो. शेवटी पंचनाम्याची प्रत मागा, नाही म्हणाले तर किमान मोबाईलमधे फोटो काढून घ्या.

पंचनामा आणि शवविच्छेदन झालं की विल्हेवाट कशी लावायची हे वनरक्षकालाच विचारा. बिबट्या रात्री अर्धवट खाल्लेल्या शिकारीवर परत येतो, त्यामुळे कधी कधी ते तिथेच ठेवून ट्रॅप कॅमेरा लावतात, तसं असेल तर रात्री तिकडे कोणी फिरकू नये, पोरं तर अजिबात नाही, बघायला जातात आणि रील काढतात. पुरायचं ठरलं तर आधी खात्री करा की टॅगचे फोटो नीट आलेत, आणि विमा असेल तर विमा कंपनीला कळवल्याशिवाय पुरू नका, त्यांना टॅग लागतो.

आणि मृतदेहात विष घालू नका. रागाच्या भरात होतं, एन्डोसल्फान नाहीतर फोरेटसारखं कीटकनाशक टाकतात. गुन्हा तर आहेच, पण भरपाईच्या जुन्या शासन निर्णयांपासून चालत आलेली एक अट अशी आहे की घटनास्थळापासून १० किलोमीटरच्या परिसरात पुढच्या ६ दिवसांत कुठल्याही वन्यप्राण्याचा मृत्यू झालेला नसावा. म्हणजे शेजाऱ्याने विष टाकलं आणि बिबट्या मेला तर अडकतो तुमचा दावा. कुंपणात करंट सोडणाऱ्यांनाही हेच लागू. गावात भावकीची भांडणं असतील तर पहिले सहा दिवस डोळे उघडे ठेवा.

अर्ज आणि कागद

इथे फार काही नाही. ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, फोटो, टॅग नंबर. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल प्रकरणाला जोडले जातात. अर्ज आरएफओ ऑफिसात देता येतो, आपले सरकार पोर्टलवरूनही करता येतो. ऑफिसात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजायचं. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं आणि चालू आहे ना ते आधी बघा, प्रकरण मंजूर होऊनही बंद खात्यामुळे पैसे परत गेले असं होतं.

मेंढपाळांसाठी वेगळं

धनगर मंडळींचं दुखणं वेगळं. वाडा म्हणजे कळपाचा मुक्काम आज या गावात, उद्या पुढच्या, लांडगा पहाटे वाघरीत, म्हणजे मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीत शिरून मेंढी नेतो आणि सकाळी कळप हलवायचाच असतो. एका मेंढीसाठी कोण दिवसभर थांबणार म्हणून सोडून देतात. थांबणं परवडत नसेल तर एका माणसाला कागद आणि मृतदेहाजवळ ठेवून बाकीचा कळप पुढे काढा. भरपाई घटना जिथे घडली तिथल्या वनक्षेत्राकडे मागायची, तुमचं मूळ गाव कुठल्याही जिल्ह्यात असो. ज्याच्या शेतात वाडा बसवला होता तो शेतकरी पंच म्हणून फार चांगला, त्याचा नंबर घेऊन ठेवा. अभयारण्यात किंवा चराईबंदी असलेल्या जंगलात मेंढी मेली असेल तर मात्र उलट तुमच्यावरच प्रश्न येतात, तिथे हा दावा उभा करणं कठीण.

पैसे आले नाहीत तर

महिना झाला की आवक क्रमांक घेऊन आरएफओ ऑफिसात जा आणि एकच प्रश्न विचारा, प्रकरण कोणाच्या टेबलावर आहे. त्रुटी असेल तर ती लेखी मागा, तोंडी त्रुटी दर खेपेला बदलते. तिथे हललं नाही तर सहाय्यक वनसंरक्षक, मग उपवनसंरक्षक, यांना जुन्या अर्जाच्या प्रतीसह लेखी द्या. तरीही उत्तर नाही तर माहिती अधिकारात प्रकरणाच्या फाईलवरच्या टिप्पणींच्या प्रती मागा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि बऱ्याचदा त्या प्रती मिळायच्या आतच फाईल पुढे सरकते. कुत्र्याने मारलं असा शेरा मारून नाकारलं असेल तर शवविच्छेदन अहवालाची प्रत काढा, त्यात गळ्यावर सुळ्यांच्या खुणा आणि कातडीखाली साकळलेलं रक्त असं लिहिलेलं असेल तर तेवढाच उतारा लावून फेरविचाराचा अर्ज करा.

दावा चालू असताना गोठ्याची मागची बाजू बंद करून घ्या, चारही बाजूंनी जाळी आणि वरूनही, कारण बिबट्या सहा फुटांची भिंत सहज चढतो आणि एकदा शेळी मिळालेल्या ठिकाणी पुन्हा चक्कर मारतो. दुसरं जनावर गेलं तर त्याचा पंचनामा, अर्ज सगळं पुन्हा वेगळं करावं लागतं, पहिल्या फाईलमधे ते जोडलं जात नाही.